सोलणीचा रकाना

मनुबाई उरणला आली ती नात सांभाळायला, असं शेजारीपाजारी सांगितलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. दीड वर्षांची राही दिवसभर आजीच्या पदराचा शेव धरून घरभर फिरायची, आणि लेक शिवानी निश्चिंत मनाने ऑफिसला जायची. निश्चिंत म्हणजे शिवानीला जेवढं जमतं तेवढं. दर दोन तासांनी तिचा फोन यायचा. राहीने खाल्लं का, खोकली का, बाथरूमचं दार लावलंय का. मनुबाई म्हणायची, बाय, मी तुला पन वाडवलीच ना.

पण खरी गोष्ट अशी की बोर्ली पंचतनजवळच्या त्यांच्या गावातली सुपारी सोलायची शेड यंदा उघडलीच नव्हती. एरवी संक्रांत झाली की पस्तीस-चाळीस बायका तिथं ओळीने बसायच्या. पाटाला ठोकलेल्या पात्यावर सुपारी दाबायची, मनगटाला झटका द्यायचा, साल डावीकडे, सुपारी उजवीकडे. मनुबाई तेवीस वर्षं तिथं बसली होती. नवरा गेल्यावर पोरीला बी.कॉम. केलं ते त्याच पाटावर बसून. यंदा सोसायटीच्या गणराजभाऊंनी बायकांना बोलावून सांगितलं की बाहेरची सुपारी बिनजकातीची येतेय, व्यापारी आपल्या मालाकडे ढुंकून बघत नाहीत, सोलून ठेवायची तरी कुठं. बाहेरचा माल थांबला की उघडू शेड.

बाकीचं मनुबाई विसरली. ‘बाहेरचा माल थांबला की’ एवढं तिने गाठीला बांधलं.

आणि बाहेरचा माल ज्या टेबलांवरून आत यायचा, त्यातलं एक टेबल तिच्या लेकीचं होतं.

शिवानी बंदरातला माल सोडवून देणाऱ्या एका ऑफिसात कागदपत्रं बघायची. ऑफिस परेशचं. परेशचे वडील मिठागरावर राबले, परेशने ट्रेलर घेतला, मग चार घेतले, मग हे ऑफिस टाकलं. माणूस वाईट नव्हता. गणपतीला सगळ्यांना साडी द्यायचा, राही आजारी पडली तर शिवानीला घरी पाठवायचा. ऑफिसात शिवानी आणि जागृती अशा दोघी फाइली करायच्या, आणि त्यात सुपारीच्या फाइली आपोआप शिवानीकडे यायच्या. तू सुपारीवाल्या मुलखातली ना, असं म्हणून परेशने पहिल्या महिन्यातच त्या तिच्या गळ्यात घातल्या होत्या.

आपण आणि आपले शेजारी मिळून देशांचा एक व्यापारी गट आहे. त्यात जे देश सगळ्यांत गरीब, त्यांचा माल आपल्याकडे जकात न भरता येऊ शकतो. सुपारीवर एरवी मालाच्या किमतीएवढीच जकात बसते, त्यामुळे ही सवलत म्हणजे मोठीच गोष्ट. अट एकच, माल त्या गरीब देशातच पिकलेला हवा. तसा तिथल्या सरकारचा उगमाचा दाखला लागतो, आणि माल कसा पिकला, कसा सुकवला, कसा सोलला हे एका फॉर्मवर लिहून द्यावं लागतं.

कॉलेजात शेवटच्या वर्षाला हे सगळं एका धड्यात होतं. शिवानीने तेव्हा उत्तरात लिहिलं होतं की बलवान देशांनी दुबळ्यांसाठी दार उघडं ठेवलं तरच अशा गटांना अर्थ आहे. लिहिताना तिला ते मनापासून वाटलं होतं, आणि आजही खोटं वाटत नव्हतं. फक्त त्या दारापाशी आपली आई बसलेली असेल, हे धड्यात नव्हतं.

फेब्रुवारीत हेमालीबेनची फाइल आली. हेमाली वाशीची, पस्तिशीतली गुजराती बाई. आधी मसाल्यांचा छोटा धंदा करायची. आयात पहिल्यांदाच करत होती, आणि तीही एकच कंटेनर. शेजारच्या देशात नदीमुखाशी एक गाव आहे, तिथल्या साठ-सत्तर बायकांच्या गटाची सुपारी आपण थेट घेतली, मधला दलाल नाही, असं ती अभिमानाने सांगायची. मोबाइलमध्ये त्या बायकांचे फोटो होते. हिरव्या काठाच्या साड्या, उन्हात बारीक केलेले डोळे. परेशने एक फोटो पाहिला आणि चहा मागवला.

तिच्या फाइलीत भोकंच भोकं होती. दाखला होता, पण सही जरा पुसट. फॉर्मवर माल कसा सोलला या रकान्यात दोनच शब्द होते, पारंपरिक पद्धत. शिवानीने हेमालीला ईमेल करून जास्त माहिती मागितली. उलट उत्तर आलं तेही तसंच, आमच्या बायका परंपरेने करतात तसं. शिवानीच्या कपाळाला आठी पडली. शिवानीकडे एका बड्या शेठजींच्या फाइली यायच्या. महिन्याला दहा-बारा कंटेनर, त्याच देशातला म्हणून आलेला माल, आणि कागद असे की एक टाचणी इकडची तिकडे नसायची. त्या फाइलींपुढे हेमालीची फाइल म्हणजे रफ वही दिसत होती.

नमुना म्हणून आलेल्या सुपारीच्या पुडीतल्या सात सुपाऱ्या शिवानीने संध्याकाळी घरी नेल्या. आईला दाखवू, एवढाच विचार.

मनुबाईने सुपाऱ्या ताटात ओतल्या. एक उचलून दुसरीवर आपटली, कानाशी नेली. मग बुडाकडून बघितली, नख फिरवलं, आणि नाकाशी नेताच तोंड वाकडं केलं.

“ही बाईनं सोललेली न्हाय,” ती म्हणाली. “बघ, कुठं पात्याचा वरखडा हाय? बाईनं सोलली की देठाकडं जरा तरी साल ऱ्हाते. ही येकदम न्हायलेल्या पोरासारखी साफ. मशीनची हाय.”

“आणि वास?”

“जुना माल. भिजलेला. बोटीतून दोनदा-तीनदा इकडून तिकडं फिरवलेला असनार. आपल्याकडं दव पडायच्या आत सुपारी गोळा करतात ती का उगीच?”

शिवानीला पटलं. तिचं लहानपणच त्या धावपळीत गेलं होतं. ऊन उतरलं की खेळ टाकून खळ्यात धावायचं, सालीसकट वाळत घातलेली सुपारी पाटीत भरायची, ताडपत्री ओढायची. दवाचा एक थेंब लागला तर आजोबा जेवायचे नाहीत. पाणी आणि सुपारी यांचं वैर तिला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. शिवाय मशीन म्हणजे गरीब गाव नव्हे. म्हणजे कुणीतरी भलत्याच देशातला जुना माल त्या बायकांच्या नावावर खपवतंय, आणि फोटो दाखवून हेमालीला तरी फसवलंय किंवा हेमाली आपल्याला फसवतेय.

तेवढ्यात तिचं लक्ष ताटाकडे गेलं. सुपाऱ्या सहा होत्या.  तिने राहीच्या तोंडात बोट घातलं, राही भोकाड पसरून रडली, मनुबाईने चटई झटकली. सातवी सुपारी मनुबाईच्याच मुठीत होती. ती अजून वास घेत होती.

दुसऱ्या दिवशी शिवानीने परेशला सांगितलं. परेश खुर्चीत मागे रेलला, थोडा वेळ पेन फिरवत राहिला, आणि मग त्याने परवानगी दिली. आपणच शंका कळवली तर साहेबलोकांपुढे आपलं ऑफिस चोख दिसतं, वर्षातून एखादी फाइल अशी दाखवायला बरी, असं त्याचं गणित. हेमाली कुठं रोजची गिऱ्हाईक होती.

शिवानीने कस्टमच्या अधिकाऱ्याला रीतसर पत्र लिहिलं. आयातदाराकडे प्रक्रियेची माहिती नाही, मालाच्या अवस्थेवरून तो जुना आणि यंत्राने सोललेला वाटतो, उगमाची खातरजमा व्हावी. पत्र फार नेटकं झालं होतं. पाठवताना तिला वाटलं, बी.कॉम. आज कामी आलं.

अधिकाऱ्याने दाखला पडताळणीला त्या देशाकडे पाठवला. उत्तर येईपर्यंत कंटेनर यार्डात. मधल्या काळात माल सोडवायचा तर पूर्ण जकातीएवढी बँकेची हमी द्या. हेमालीकडे ती कुठून असणार? ती तीन वेळा ऑफिसात आली, दर वेळी शिवानीसमोर बसली. “बेन, किती दिवस लागशे?” एवढंच विचारायची. शिवानी खरं तेच सांगायची, की आपल्या हातात नाही. आणि संध्याकाळी मनुबाई विचारायची, डबा अडकलाय ना अजून? कंटेनरला ती डबाच म्हणायची. अडकलाय म्हटलं की ती गावी फोन लावायची आणि शेजारणींना सांगायची की आमच्या शिवानीनं एक डबा धरला. चार दिवस ती भलतीच खुशीत होती. राहीसाठी घावणे काय, नारळाच्या वड्या काय.

शेड काही उघडली नाही. गणराजभाऊ म्हणाले, एका डब्याने काय होतंय.

मार्च संपत आला तेव्हा एका दुपारी शिवानी लवकर घरी आली. राहीला सर्दी होती आणि ऑफिसात तिचं चित्त लागेना. मिनीडोर रिक्षातून उतरून जिना चढली आणि दाराशीच थबकली. घरात फिनेलचा घमघमाट. गॅलरीतली रंगाची जुनी बादली पालथी घातलेली, आणि मनुबाई फरशीवर खराटा मारत होती, जसं काही कुणी बघायच्या आत आटपायचं होतं.

शिवानीची नजर अशा बाबतीत घारीची. बाळाच्या घरात फिनेलची बाटली उघडी का, हा तिचा पहिला प्रश्न. दुसरा, बादली का धुतलीस?

मनुबाईने खराटा चालूच ठेवला. शिवानीने राहीला कडेवर घेतलं, गॅलरीत गेली. फिनेलच्या खालूनही एक वास येत होता, आंबूस, कुजका, नाकात बसलेला. हा वास आपण कुठं घेतलाय हे तिला आठवायला क्षणही लागला नाही.

“आई, हा त्या सुपारीचा वास आहे.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मनुबाईने येताना घरच्या चार झाडांची असोली, सालीसकटची सुपारी पिशवीत आणली होती, फावल्या वेळात सोलायला. राहीने त्यातल्या मूठभर गॅलरीतल्या नळाखालच्या बादलीत टाकल्या असाव्यात. बादली कोपऱ्यात, वर पोछ्याचं फडकं. कुणाच्या लक्षात आलं नाही. पंधरा-वीस दिवस सुपाऱ्या पाण्यात पडून राहिल्या. आज वास सुटला म्हणून मनुबाईने हात घातला, तर साल बोटांनीच निघाली. पातं नको, झटका नको. आतली सुपारी गुळगुळीत, देठाकडे सालीचा तंतू नाही, कुठे वरखडा नाही.

मनुबाई पाट घेऊन खाली बसली. “तिकडं पान्यात ठिवत असतील,” ती म्हणाली. “खड्ड्यात, न्हायतर तळ्यात. मग हातानं सोलतात. तिकडं ऊन कमी, पानी भरपूर. दुसरं काय करतील.”

“म्हणजे ती बायकांनीच सोललेली होती.”

“व्हय.”

राहीने आजीच्या केसांतली पिन ओढली.  शिवानीच्या डोळ्यांपुढे तिचं ते नेटकं पत्र आलं. यंत्राने सोललेला वाटतो.

आणि मग आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, आणि तिने राहीला खाली ठेवलं. हेमालीची फाइल तिला चुकीची दिसली ती कशाच्या शेजारी ठेवून? शेठजींच्या फाइलीच्या. आणि शेठजींच्या फाइलीतला तो रकाना कुणी लिहिला होता? तिनेच. दोन वर्षांपूर्वी तो रकाना कोरा आला होता. परेश म्हणाला होता, तू सुपारीवाली ना, लिही काहीतरी. आणि तिने तिला येत होतं ते लिहिलं होतं. सालीसकट चाळीस दिवस उन्हात सुकवतात, दव पडण्याआधी गोळा करतात, महिला पाटावरील पात्याने हाताने सोलतात. तेच वाक्य ती तेव्हापासून दर महिन्याला नव्या फाइलीत चिकटवत होती. शेठजींनी हरकत घेतली नाही, साहेबांनी प्रश्न विचारला नाही. वाक्य चांगलंच होतं.

हे तिने आईला तेव्हा सांगितलं नाही. जिभेवर आलं आणि परत गेलं. ती एवढंच म्हणाली की मी उद्या साहेबांना कळवते, माझी चूक झाली.

मनुबाईने मान वर केली. “कळवू नको.”

“आई, त्या बायकांचा माल—”

“कळतंय मला. मला का कळत न्हाय? पन पस्तीस बाया हायेत आपल्या. त्यातल्या दोघी आता हॉटेलात भांडी घासतात. तू येक डबा अडवलास, उद्या आनखी कोन अडवील. सोडलास तर संपलं.” तिने राहीच्या हातातली पिन काढून घेतली. “तिकडच्या बायांचं देव बघील.”

 शिवानीने हर्षदला, तिच्या नवऱ्याला, फोनवर सांगितलं. तो रोह्याच्या एका कारखान्यात पाळीवर असायचा, आठवड्याने यायचा. तो म्हणाला, तुझी नोकरी जाईल असं काही करू नकोस एवढंच. सगळ्यांचं म्हणणं बरोबर होतं, हाच तर वैताग होता.

सकाळी ती अधिकाऱ्याकडे गेली. दोन तास बाहेर बाकड्यावर बसली, फोनमध्ये राहीचे फोटो चाळत. आत गेल्यावर तिने सगळं सांगितलं. सुपारी पाण्यात ठेवून सोलतात, म्हणून ती तशी दिसते, म्हणून वास येतो, ती जुनी नाही. माझा समज चुकला. शंका मागे घेते.

अधिकारी तरुण होता, चष्मा पुसत ऐकत होता. तुसडा नव्हता. पडताळणी एकदा गेली की ती परत बोलावता येत नाही, असं त्याने समजावलं. उत्तर आलं की बघू. आणि ही पाण्याची माहिती तुम्हाला कुणी दिली?

“माझ्या आईने. ती तेवीस वर्षं सुपारी सोलते.”

“तसं काही प्रमाणपत्र?”

शिवानीने नकारार्थी मान हलवली. मग मी हे फाइलीत कुठं लावू, असं त्याने विचारलं, आणि तो प्रश्न त्याने खरोखरच विचारला होता, टोमणा नव्हता. शंका घेताना आईचा शब्द कुणी तपासला नव्हता. पत्रावर ऑफिसचा शिक्का होता, तेवढ्यावर चाललं. शंका मागे घ्यायला मात्र शिक्का पुरेना.

एप्रिल गेला. यार्डात कंटेनर तापत होते. दिवसा पत्रा असा की हात लावता येत नाही, आणि पहाटे आतून घाम सुटलेला. शिवानी रोज सकाळी संगणक उघडला की पहिल्यांदा हेमालीच्या फाइलीचा नंबर टाकायची. प्रलंबित. प्रलंबित. तिने त्या देशाच्या कार्यालयाला तीन ईमेल पाठवले, स्वतःच्या नावाने. उत्तर नाही. मध्यंतरी शेठजींचे दोन लॉट आले आणि गेले, एकही कागद न अडकता. त्या फाइली शिवानीनेच केल्या. वाक्य चिकटवताना बोट थांबलं होतं, पण परेश मागे उभा होता आणि ट्रेलर गेटावर. तिने चिकटवलं. याची तिला पुढे सगळ्यांत जास्त लाज वाटली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. एक ओळ. सदर दाखला आमच्या कार्यालयाने दिलेला असून खरा आहे.

शिवानीने हेमालीला फोन केला, परेशला न विचारता मिनीडोर केली आणि यार्डात गेली. हेमाली आधीच पोचली होती. कंटेनरचं दार उघडलं तेव्हा आतून वाफच आली. पुढच्या गोण्यांवर हिरवट पांढरी बुरशी चढलेली, मधल्या ओल्या, मागच्या काही बऱ्या. तपासणीवाल्याने नमुने घेतले, पण त्याच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. खाण्यायोग्य नाही असा शेरा चार दिवसांनी आला.

हेमाली रडली नाही, ओरडली नाही. रुमालाने मान पुसून ती शिवानीकडे वळली. शिवानी तिला आधीच सगळं सांगून मोकळी झाली होती, आईचं, बादलीचं, पत्राचं.

“तुम्ही ईमेल केला ने, शिवानीबेन,” ती म्हणाली. “फोन का नाही केला? मला इंग्लिशमां लिहिता येत नाही बराबर. बोलली असते तर पाच मिनिटमां सांगितलं असतं, पाण्यात मूके छे, ठेवतात. मी स्वतः बघितलं आहे, कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून काढतात ती बायका.”

 शिवानीने आईला विचारलं होतं, परेशला विचारलं होतं, साहेबांना लिहिलं होतं. ज्या बाईने ती सुपारी पाण्यातून निघताना पाहिली होती, तिला सोडून.

ऑफिसात परतली तर टेबलावर शेठजींची फाइल. अकरा कंटेनर. कागद करकरीत, दाखल्यावरची सही ठसठशीत. सोलणीचा रकाना नेहमीसारखा कोरा, तिच्यासाठी सोडलेला.

तिने फोन उचलला आणि शेठजींच्या माणसाला लावला. रितेश नाव, दोन वर्षं फोनवर बोलणं होतं, कधी बघितलं नव्हतं. तिने विचारलं, तुमची ही सुपारी तिकडे सोलतात कशी?

पलीकडे तो मोकळेपणाने हसला. “मॅडम, ते तर तुम्हीच लिहिता ना.”

“या वेळी तुम्ही लिहून पाठवा.”

“मजाक करताय काय?”

नाही, ती म्हणाली, आणि फोन ठेवला. दहा मिनिटांत परेशच्या मोबाइलवर फोन आला. परेश केबिनमधून बाहेर आला, तिच्या टेबलावरची फाइल उचलली. ओरडला नाही. हळू आवाजात म्हणाला, “तुला बरं नाही वाटत. मुलगी पण आजारी असते. घरी जा दोन दिवस.” आणि फाइल जागृतीसमोर ठेवली.

जागृतीने शिवानीकडे बघितलं, मग खाली. नुकतीच लागलेली, तिलाही घरी एक तान्हं. तिने गेल्या महिन्याची फाइल उघडली, शिवानीचं वाक्य निवडलं, नव्या फाइलीत आणलं. अर्धा मिनिटही लागलं नाही. शिवानी पर्स उचलून उभी होती, तिने ते पाहिलं.

घरी पोचली तेव्हा चार वाजले होते. राही झोपून उठलेली, गाल लाल. मनुबाई तिला भात भरवत होती. शिवानी चपला न काढताच खुर्चीत बसली आणि तिने दोन महिने गिळलेलं सगळं सांगून टाकलं. बुरशीचं सांगितलं, कमरेएवढ्या पाण्यातल्या बायकांचं सांगितलं. मग शेठजींच्या फाइलीतलं वाक्य सांगितलं, आणि ते कुणी लिहिलं तेही.

मनुबाईचा घास हातातच राहिला.

“म्हंजे माझी सोलनी तू दुसऱ्याच्या मालाला लावलीस.”

“हो.”

“दोन वर्सं.”

“हो, आई.”

“आनि त्या मालानं माझी शेड बंद केली.”

शिवानीला हो म्हणवेना. तो माल कुठला आहे तेही तिला माहीत नव्हतं. कदाचित तिथलाच असेल, कदाचित नसेल. कुणी विचारलंच नव्हतं.

मनुबाईने घास ताटात ठेवला, हात धुतला, पदराला पुसला. ती रागावली की बोलायची नाही, भांडी वाजवायची. आज भांडीही वाजली नाहीत. राहीने तोंड उघडं ठेवून वाट बघितली आणि मग स्वतःच मुठीने भात खायला लागली.

“पुसून टाक ते,” मनुबाई शेवटी म्हणाली. “माझ्या हातचं हाय. कुनाच्याबी गोनीला लावायला न्हाय दिलं मी.”

“पुसता येत नाही. फाइली गेल्या.”

“मंग ज्याच्याकडं गेल्या त्याला सांग.”

“नोकरी जाईल.”

 राहीच्या हनुवटीवरची शितं मनुबाईने एकेक करून काढली.

शिवानीने मोबाइल काढला. अधिकाऱ्याचा ईमेल पत्ता होताच. परेशला कळेल, आज नाहीतर उद्या. हर्षद काय म्हणेल तेही ठाऊक होतं. तरी ती लिहीत गेली. पहिल्यांदा तिने हेमालीच्या मालाविषयी लिहिलं, की माझ्या पत्रातली शंका अज्ञानातून आली होती आणि त्यात एका गटाचं वर्षाचं पीक गेलं. मग फाइलींचे नंबर लिहिले, त्यांतलं ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं, सगळं तोंडपाठ होतं. या सर्व फॉर्मवर सुपारी सोलण्याची जी पद्धत लिहिली आहे ती आयातदाराने दिलेली नाही, मी लिहिली आहे. ती रायगड जिल्ह्यातल्या माझ्या गावची पद्धत आहे. या मालाची पद्धत कोणती, हे मला माहीत नाही आणि आजपर्यंत मी विचारलं नाही.

“काय लिवलंस, वाच,” मनुबाई म्हणाली.

शिवानीने मराठीत सांगितलं, एकेक ओळ. सालीसकट चाळीस दिवस उन्हात सुकवतात, इथपर्यंत आली तेव्हा मनुबाईने हात वर केला.

“चाळीस न्हाय. पंचेचाळीस. चाळिसाव्या दिशी सोलली तर आत वलीच ऱ्हाते. लिवतेयस तर नीट लिव.”

शिवानीने खाली टीप जोडली, की फॉर्मवर चाळीस दिवस लिहिलं आहे तेही चूक आहे, पंचेचाळीस लागतात. आणि पाठवलं.